आवाज, वास, मोज्याची शिवण, सगळंच टोचतं. हा आजार की स्वभाव?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माहेर निपाणी, सासर बेळगावात वडगाव. लग्नाला ८ वर्षं झाली, मुलगी ६ वर्षांची. खाली आमचे चार माग आहेत, वर आम्ही राहतो. आता तुम्ही म्हणाल मागाच्या घरात राहून हिला आवाजाचा त्रास कसा, तर गंमत अशी की धोट्याची खटखट मला एवढी जाचत नाही, ती एका तालात चालते. दुपारी मी खाली कांड्या भरायला बसते तेव्हा उलट बरं वाटतं. पण वर आलं की कुकरची शिट्टी, टीव्हीवर सासूबाईंची मालिका, मिक्सर, आणि त्यातच कुणीतरी "अगं ते बिल कुठं ठेवलंस" असं विचारलं की माझं डोकं बंदच पडतं, उत्तर येत असून देता येत नाही. मागच्या महिन्यात संध्याकाळी लाईट गेली, माग एकेक करून थांबले आणि माझे खांदे खाली आले, तेव्हा कळलं की ते दिवसभर वर ओढलेले होते.

वासाचं पण तसंच. निपाणीत घरामागं तंबाखूची वखार होती, पाऊस पडायच्या आधी दमट हवेत तो वास घरात भरायचा आणि मी शाळेतून येऊन उपाशी झोपायची, आई म्हणायची हिचं नाक कुत्र्याचं. जरीची साडी अर्ध्या तासाच्या वर अंगावर ठेववत नाही. कुणी आवाज चढवून बोललं, मला नाही, दुसऱ्याला बोललं तरी माझ्या पोटात गोळा येतो आणि दोन दिवस तेच डोक्यात फिरतं. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांपेक्षा मीच जास्त रडले, लोक बघायला लागले.

मंगाई यात्रेला घरात १४ पाहुणे होते. दुपारी जेवणं झाल्यावर मी न्हाणीत गेले, कडी लावली, बादली पालथी घालून बसले आणि नळ सोडून ठेवला. दहा मिनिटं असेन. बाहेर आले तर नणंद म्हणाली, "पाहुणे आले की वहिनीचं डोकं बरोबर दुखतं." मिस्टर वाईट नाहीत हो, पण त्यांना पण वाटतं मी नाटक करते.

नेटवर 'हायली सेन्सिटिव्ह पर्सन', म्हणजे फार संवेदनशील माणूस, असं काहीतरी वाचलं, २७ प्रश्नांची टेस्ट होती, त्यातल्या २२ला माझं हो आलं. हा आजार आहे का? गोळ्या असतात का? आणि खरं टेन्शन मुलीचं आहे, तिला मोज्याची शिवण टोचते म्हणून रोज सकाळी रडारड, रिक्षावाले मामा हॉर्न वाजवतात त्यानं ती अजून बिथरते, डायरीत दोनदा शेरा आलाय. माझ्यामुळंच तिच्यात आलं का हे? गणपती आलेत तोंडावर, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच मंडळ असतं. काय करू सांगा.

कॅम्पकर_७७

ही सगळी मोबाईलची देणगी आहे. आमच्या काळात एका खोलीत नऊ जण झोपायचो, कुणाला काही टोचत नव्हतं. टेस्ट बंद करा, सकाळी लवकर उठून चालायला जावा, आपोआप बरं वाटेल. राग नसावा.

मागवाल्याचा_पोरगा

कॅम्पकर काका, नऊ जणात एखादा टोचतंय म्हणाला असता तर त्याला काय मिळालं असतं ते सांगा की आधी 😄

वहिनी, मी खासबागचा, तीन पिढ्या मागावर, म्हणून आवाजापुरतं बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील. माग चालू असलेल्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर जातोच. माझ्या वडिलांना आता फोनवरचं ऐकू येत नाही, आणि तरी ताट पडलं तर ते सगळ्यांच्या आधी दचकतात. म्हणजे ऐकू कमी येणं आणि आवाज सहन न होणं ही दोन्ही एकाच कानात असू शकतात हे मी घरात बघितलंय. सवय झाली म्हणतो आपण, पण कान झिजतो तो झिजतोच. तुम्ही कांड्या भरायला बसता तेव्हा ताल बरा वाटतो हे मला पटतं, पण कान झाकून बसा. आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून घ्या, तुमची पण आणि मागावर बसणाऱ्यांची पण.

कापूस घालून काही होत नाही, आमच्यात सगळे कापूसच घालतात. फोमचे इअरप्लग मिळतात, मऊ स्पंजचे. पण घालायची पद्धत आहे, नुसतं कानाच्या तोंडाशी चिकटवलं तर कापसासारखंच. हात धुवून तो प्लग दोन बोटात वळायचा, वात वळतो तसा अगदी बारीक, मग दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा, अर्धा मिनिट. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आला की बरोबर बसला. स्वयंपाकघरात मात्र दोन्ही कानाला घालू नका, कुकर आणि पोर दोन्हीकडं लक्ष लागतं, एक कान उघडा ठेवा. आणि दिवसभर घालून बसू नका, कान शांततेला सोकावला की पुढं साधा आवाज पण मोठा वाटतो म्हणतात डॉक्टर लोक.

गणपतीचं म्हणाल तर कायदा आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. सणासुदीला ठराविक दिवस १२ पर्यंत सूट असते. आता डॉल्बी आल्यावर ५५ कुठं राहतं ते तुम्हालाही माहीत आणि मलाही. विसर्जनाची मिरवणूक तर आपल्याकडं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. मी स्वतः मंडळात आहे म्हणून सांगतो, भांडायला जाऊ नका, मिस्टरांना पाठवून स्पीकरचं तोंड तुमच्या खिडकीकडून फिरवून घ्या, हे मंडळाची पोरं करतात, आधी सांगितलं तर. वाजायला लागल्यावर सांगितलं तर नाही करत.

धारवाडी_पोर

मी मूळचा बैलहोंगलचा, धारवाडला सायकॉलॉजीत एम.ए. केलंय. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

ताई, तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ एलेन ॲरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंकडं जातं. १९९६ ला त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि १९९७ ला त्यांनी आणि त्यांचे यजमान आर्थर ॲरन यांनी मिळून शोधनिबंध लिहिला, ते २७ प्रश्न तिथलेच. शास्त्रातलं नाव सेन्सरी प्रोसेसिंग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डोळे कान नाक तुमचे इतरांसारखेच, पण आत आलेली गोष्ट मेंदू जास्त खोलात जाऊन चघळतो. म्हणून चार गोष्टी एकदम आल्या की तुंबतं. तुमचं "उत्तर येत असून देता येत नाही" हे वाचून मला आमच्या बसस्टँडसमोरचा सिग्नल आठवला, चारी बाजूनं गाड्या आल्या की कुणीच हलत नाही.

आजार आहे का? नाही. डॉक्टर लोक मानसिक आजारांची जी यादी वापरतात त्यात हे नाही. त्यामुळं गोळी पण नाही. उंची असते तसं हे, कुणी ठेंगू कुणी उंच, मधे बरेच. ॲरन बाई १५ ते २० टक्के लोक असे म्हणायच्या. नंतर २०१८ ला एक अभ्यास आला त्यात तीन गट निघाले, ३१ टक्के जास्त संवेदनशील, ४० मधले, २९ कमी. त्यांची नावं ऑर्किड, ट्युलिप आणि डँडेलायन. आपल्याकडं म्हणायचं तर लाजाळू, झेंडू आणि घाणेरी, घाणेरी कुठंही येते बघा, गायरानात पण. (कॅम्पकर काका, तुम्हाला घाणेरी म्हणत नाहीये 🙏)

हा, आणि हळवं म्हणजे लाजरंबुजरं असंही नाही. ॲरन बाईंच्याच हिशेबानं यातले साधारण ३० टक्के लोक चांगले बोलके, माणसांत मिसळणारे असतात. काही संशोधक म्हणतात यात नवं काही नाही, चिंता करायचा स्वभाव आणि अंतर्मुखपणा यांचीच खिचडी आहे, आणि सगळं माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर चालतं. तो वाद चालू आहे. म्हणून २२ मार्क पडले याचं सर्टिफिकेट करू नका, त्याचा उपयोग एवढाच की आपण एकटे नाही हे कळतं.

मुलीचं. इंग्लंडमधल्या जुळ्या पोरांचा २०२० चा अभ्यास आहे, त्यात या फरकातला साधारण ४७ टक्के वाटा अनुवंशाचा निघाला. म्हणजे तुमच्याकडून आलं असेल, पण "तुमच्यामुळं" या शब्दात जो दोष आहे तो काढा. तिला नाक पण तुमचंच असेल की. आणि दुसरी बाजू कुणी सांगत नाही, अशी पोरं वाईटाला जशी लवकर कोमेजतात तशी चांगल्याला पण जास्त फुलतात. लंडनमध्ये एका शाळेत ११ वर्षांच्या मुलींना नैराश्यापासून वाचवायचा कार्यक्रम केला होता, त्याचा फायदा जास्त संवेदनशील मुलींना झाला, बाकीच्यांना फारसा नाही.

आता सावधगिरीचं. लहानपणापासून असं आहे हे तुम्ही सांगितलंत, ते महत्त्वाचं. कुणाला हे अलीकडं, अचानक सुरू झालं असेल तर आधी फॅमिली डॉक्टर. अर्धशिशीवाल्यांना डोकं दुखत नसतानाही उजेड आणि वास खुपतो. थायरॉईड वाढलं की माणूस चिडका, धडधडणारा होतो. झोप नसेल तर कुणाचंही हेच होतं. खाण्याचा मचमच आवाज, एखाद्याचं नाक ओढणं अशा ठराविक आवाजांनीच रागाचा भडका उडत असेल तर त्याला मिसोफोनिया म्हणतात, ते वेगळं प्रकरण. मुलगी बोलण्यात मागं असेल, नजर देत नसेल, खेळ एकाच साच्यात खेळत असेल तर मुलांच्या डॉक्टरला दाखवा, स्वमग्नतेत (ऑटिझममध्ये) पण कपडे आवाज टोचतात. नसेल तर उगाच शिक्का मारू नका.

मन फारच खाली गेलं, न्हाणीतली दहा मिनिटं तासावर गेली, तर टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन आहे, १४४१६, सरकारी, फुकट, २०२२ पासून चालू, कन्नड मराठी दोन्हीत बोलतात. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल आहे, ओपीडी असते, वेडे लोकच जातात असं काही नाही, मी रांगेत निम्मे लोक झोप येत नाही म्हणून आलेले बघितलेत.

खानापूरचे_मास्तर

तुमचं न्हाणीतलं वाचून हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण. मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, रिटायर्ड आहे. माझं हे ठिकाण म्हणजे शाळेची कोळशाची खोली होती. मधल्या सुट्टीत चारशे पोरं अंगणात सुटली की मी खडू आणायच्या निमित्तानं आत जायचो. हेडमास्तरांना वाटायचं मी तंबाखू खातो. मी पण तसंच समजू दिलं, पुरुषमाणसाला तंबाखू चालते, शांतता चालत नाही.

वर्गात धडा वाचताना गळा दाटायचा. पहिल्या वर्षी लाज वाटली, मग तसा धडा आला की मी शेवटचा परिच्छेद पोरांकडून वाचून घ्यायचो. पण याच स्वभावाचा फायदा पण झाला, कुठलं पोर उपाशी आलंय, कुणाच्या घरी काल मारझोड झालीय, ते मला हजेरी घेतानाच आवाजावरून कळायचं. "हजर" म्हणण्यात फरक पडतो हो.

घरच्यांना कसं सांगायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. मी पहिली दहा वर्षं चुकीचं सांगितलं. "मला सहन होत नाही" म्हणालो की समोरच्याला ऐकू येतं "तुम्ही मला सहन होत नाही". मग भांडण. शेवटी आमच्या आईनंच मार्ग काढला. आमचे थोरले बंधू, त्यांना वांगं बाधतं, अंगावर गांधी उठतात. आमच्याकडं कुठल्याही कार्याला वांग्याची भाजी असली की त्यांच्यासाठी एक वाटी आमटी बाजूला काढलेली असायची, कुणी कधी म्हटलं नाही की हा नाटक करतो. आई म्हणाली, याला गोंगाट बाधतो, त्याची वाटी वेगळी काढा. संपला विषय. तुमच्या सासूबाईंना इंग्रजी नाव सांगू नका, त्याचा अर्थ त्या नेटवरचं खूळ असाच घेतील. प्रकृती म्हणा, बाधतं म्हणा. हे शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत. आमच्या शेजारी कन्नड मावशी होत्या, त्या माझ्याबद्दल म्हणायच्या, "मास्तर भाळ सूक्ष्म अदारी," म्हणजे मास्तर फार सूक्ष्म आहेत. त्यात टिंगल नव्हती. आपल्याकडं हळवा म्हटलं की लगेच बिचारा होतो, सूक्ष्म म्हटलं की जरा मान राहतो.

दुसरं, न सांगता उठून जायचं नाही. तुम्ही नळ सोडून कडी लावलीत, बाहेरच्यांना कोडं पडलं आणि त्यांनी आपल्या मनानं उत्तर भरलं. आमच्या घरात खूण आहे. मी खांद्यावरचा पंचा परसदाराच्या खुंटीला लावला की हिला कळतं, मी पेरूच्या झाडाखाली आहे, वीस मिनिटांत येतो, चहा तेव्हाच टाकायचा. वीस म्हणजे वीस, एकविसाव्या मिनिटाला मी आत असतो, नाहीतर त्या खुणेवरचा विश्वास उडतो. आणि त्रास वाढायच्या आधी जायचं. भांडं उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय उपयोग.

आता बढाई मारत नाही, अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की मी चपला शोधायला बाहेर येतो.

हिंडलग्याची_आई

मास्तर 🙏🙏

मी फक्त मोज्यांचं सांगते कारण त्यातून गेलेय. माझा मोठा असाच. पहिलं, मोजे उलटे घाल, शिवण बाहेर. शूजमध्ये कुणाला दिसत नाही. दुसरं, नवीन मोजे घरात चार दिवस घालून, दोन-तीनदा धुवून मगच शाळेत. कपड्यांचं लेबल नुसतं कापू नको, कापलेली कड अजून टोचते, ब्लेडनं शिवण उसवून मुळापासून काढ. युनिफॉर्मच्या आत जुना सुती बनियन, धुवून धुवून मऊ झालेला.

आणि मोजे घालायची वेळ बदल गं. आम्ही सगळं आवरून शेवटी मोजे घालायचो, म्हणजे रिक्षा दारात, हॉर्न वाजतोय, आजी ओरडतेय, मी केसाला पिना लावतेय आणि त्यात मोजा, कसं होणार? आता उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजे. तळपाय आधी माझ्या अंगठ्यानं जरा जोरात दाबून देते, हळू गुदगुल्या केल्यासारखं नाही, घट्ट. आम्हाला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी शिकवलं, हलका स्पर्श अशा पोरांना जास्त खुपतो, दाबलेला चालतो. जीन एअर्स म्हणून अमेरिकेत एक थेरपिस्ट होत्या, त्यांनी १९७० च्या आसपास यावर काम केलं, त्यातलंच हे म्हणे. आम्ही पाचच वेळा गेलो, बाकी घरीच.

डायरीतल्या शेऱ्याखाली सही करून सोडू नको, टीचरना भेट, मोज्याचं कारण सांग. आमच्या टीचरनी ऐकलं, पहिल्या होत्या त्यांनी नव्हतं ऐकलं. नशिबाचा भाग आहे तो.

रिक्षावाल्या मामांना मी दिवाळीला कुंदा दिला आणि सांगितलं हॉर्न नको, मिस कॉल द्या. तेव्हापासून मिस कॉल.

कॅम्पकर_७७

वाचलं सगळं. माझी आई कुकरच्या प्रत्येक शिट्टीला दचकायची आणि आम्ही भावंडं मुद्दाम मागं जाऊन ताट वाजवायचो. एवढंच लिहायचं होतं.

वडगावची_सून

एवढ्या जणांनी लिहिलंत, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही, वाचून वाचून रडत होते (आता यात नवीन काय 😅).

मोज्याचं आज चौथ्या दिवशी जमलं. अंथरुणात घातले, उलटे, पाय दाबून. तिनंच विचारलं, "आई, तुला पण टोचतं?" मी म्हटलं हो, मला जरीची साडी टोचते. तर म्हणाली मग ती पण उलटी घाल. 

सासूबाईंना मास्तरांच्या वांग्यासारखंच उदाहरण दिलं. त्यांना दूध बाधतं, म्हणून दुधाचं दिलं. काही बोलल्या नाहीत. पण काल संध्याकाळी मी मिक्सर लावायला गेले तर त्यांनी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला, आणि वर "मला पण काही ऐकू येत नव्हतं तसं" असं पुटपुटल्या. मिस्टरांना अजून पूर्ण पटलं नाहीये, पण मंडळाच्या पोरांशी बोलतो म्हणालेत. खुणेसाठी जिन्याच्या कठड्यावर ओढणी टाकायची ठरलंय. पहिल्या दिवशी नणंदेनं ती धुवायची समजून भिजत घातली.

कानाची तपासणी पुढच्या सोमवारी आहे, मागावरच्या दोघांना पण नेतोय. प्लग अजून आणायचे राहिलेत, शहापुरात दोन मेडिकलला विचारलं, दोघांनी कापूसच दाखवला.

मागवाल्याचा_पोरगा

वहिनी, हार्डवेअर आणि सेफ्टी शूज विकणाऱ्या दुकानात बघा, मेडिकलपेक्षा तिथं पटकन मिळतात, ग्राइंडरवाले नेतात. मऊ स्पंजचेच मागा, रबरी देतील ते घेऊ नका, दुखतात.

कॅम्पकर_७७

ते हार्डवेअरवाले रविवारी चालू असतात का? मला नको, मिसेसला पाहिजे होते.